आर्थिक विचारांचा इतिहास कुठून वाचायला घ्यावा: लंडनमधल्या एका वादापासून इंदापूरपर्यंत

आर्थिक विचारांचा इतिहास वाचायचा ठरवलं की बहुतेक जण एखादं जाडजूड पाठ्यपुस्तक हातात घेतात. कौटिल्य आणि ॲरिस्टॉटल, मग व्यापारवादी, निसर्गवादी, स्मिथ, रिकार्डो, माल्थस, मिल, मार्क्स, मार्शल, केन्स. प्रत्येकाचा जन्म, ग्रंथ, सिद्धांत आणि सिद्धांतावरची टीका. परीक्षेपुरतं हे भागतं. पण चौथ्या-पाचव्या नावानंतर सगळे सारखेच वाटू लागतात, कारण ही माणसं नेमकी कशावरून इतक्या हिरिरीने बोलत होती हे त्या यादीत कुठेच दिसत नाही.

माझं म्हणणं असं, की नवख्या वाचकाने यादी बाजूला ठेवावी आणि एकच कल्पना धरावी. ती कोणत्या भांडणातून निघाली, कुणाच्या हातून कुठे पोहोचली, शेतात उतरल्यावर तिचं काय झालं आणि तिला कुणी काय उत्तर दिलं, हे शेवटपर्यंत बघावं. एक कल्पना अशी नीट कळली की पुढचा विचारवंत कसा वाचायचा ते वेगळं शिकावं लागत नाही.

या लेखासाठी मी खंडाचा सिद्धांत घेतला आहे. खंड म्हणजे जमीन कसायला दिल्याबद्दल जमीनमालकाला मिळणारा मोबदला. हा सिद्धांत १८१५ मध्ये लंडनमध्ये आकाराला आला. पुढच्या पंधराएक वर्षांत पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर भागात शेतसारा ठरवण्यासाठी तो वापरला गेला आणि तिथे फसला. १८९२ मध्ये पुण्यातूनच त्याच्या गृहीतकांना उत्तर दिलं गेलं. मराठी वाचकाला याहून जवळची सुरुवात मला तरी दिसत नाही. लागणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण जुनी असल्याने इंटरनेटवर फुकट मिळतात. सोबत एक वही ठेवा.

पहिली पायरी: आधी वाद, मग सिद्धांत

नेपोलियनशी युद्ध चालू होतं तेव्हा इंग्लंडमध्ये बाहेरून धान्य येणं अवघड झालं होतं. १८१२ मध्ये गव्हाचा भाव एका क्वार्टरला सुमारे १२६ शिलिंगांपर्यंत चढला (क्वार्टर हे तिथलं धान्याचं माप, आठ बुशेलांचं). एरवी कुणी हात लावला नसता अशा हलक्या जमिनीही नांगराखाली आल्या आणि जमीनदारांचे खंड वाढले. १८१५ पर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. जमीनदार हवालदिल झाले, आणि पार्लमेंटमध्ये वजन त्यांचंच होतं. त्यांनी कायदा करून घेतला की देशातला भाव ८० शिलिंगांवर पोहोचल्याशिवाय परदेशी गहू विक्रीला येऊ द्यायचा नाही. विधेयक पार्लमेंटपुढे असतानाच लंडनमध्ये दंगे झाले. हेच ते धान्य कायदे, जे पुढे १८४६ मध्ये रद्द झाले.

या विधेयकाच्या तोंडावर, १८१५ च्या फेब्रुवारीत, काही आठवड्यांच्या आत चार जणांच्या पुस्तिका बाजारात आल्या: थॉमस माल्थस, एडवर्ड वेस्ट, रॉबर्ट टॉरेन्स आणि डेव्हिड रिकार्डो. चौघांपुढे प्रश्न एकच होता. धान्य महाग राहिलं तर कुणाचं भलं होतं आणि त्याची किंमत कोण मोजतं? जमीनदार म्हणत, आमचे खर्च आणि खंड जास्त आहेत, म्हणून भावही चढे हवेत. कारखानदार म्हणत, भाकरी महागली की मजुरी वाढते आणि आमचा नफा जातो.

रिकार्डोचं एक पानही उघडण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: कोण कुणाशी भांडतंय, कोणता निर्णय व्हायचा आहे, आणि त्या निर्णयाने कुणाच्या खिशातून पैसे जाणार आहेत. कुठलाही आर्थिक ग्रंथ हातात घेताना हे तीन प्रश्न आधी सोडवायचे. ॲडम स्मिथचा १७७६ चा 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा ग्रंथसुद्धा असाच वाचा. त्याच्यासमोर मक्तेदार कंपन्या होत्या, आपली ईस्ट इंडिया कंपनी त्यांतलीच, आणि तिच्यावर त्याने केलेली टीका आजही वाचण्यासारखी आहे.

दुसरी पायरी: उदाहरण कागदावर सोडवा

आता रिकार्डोच्या १८१७ च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी अँड टॅक्सेशन' या ग्रंथातलं दुसरं प्रकरण काढा. ते छोटं आहे आणि त्याचा विषय फक्त खंड आहे. वाचताना रिकार्डोचेच आकडे घेऊन गणित करा. नुसतं वाचून ते डोक्यात राहत नाही.

तीन जमिनी आहेत. तिन्हींवर सारखेच श्रम, सारखंच भांडवल. पहिलीत १०० क्वार्टर धान्य येतं, दुसरीत ९०, तिसरीत ८०. लोकसंख्या थोडी आहे आणि पहिल्या प्रतीची जमीन मुबलक आहे, तोवर खंड कुणी देणार नाही, कारण शेजारी तशीच जमीन मोकळी पडलेली आहे. लोक वाढले, दुसऱ्या प्रतीची जमीन कसायला घ्यावी लागली. आता पहिल्या जमिनीवर १० क्वार्टर खंड सुरू होतो, कारण दुसरीवर विनाखंड ९० मिळवणं काय किंवा पहिलीवर १० देऊन ९० ठेवणं काय, कसणाऱ्याला सारखंच. तिसरी जमीन लागवडीखाली आली की पहिलीचा खंड २० होतो आणि दुसरीचा १०. तिसरीवर खंड नाही.

आता पुस्तक मिटा आणि ७० क्वार्टर देणारी चौथी जमीन स्वतः जोडून बघा. खंड ३०, २०, १० आणि शून्य असा यायला हवा. तीन जमिनी असताना एकूण खंड ३० होता, चौथी येताच तो ६० झाला. जमीनदारांनी जास्तीचं काहीही केलेलं नाही. एवढी बेरीज करताना रिकार्डोला धान्य कायदे का खुपत होते ते लक्षात येतं. परदेशी गहू अडवला की देशातली अजून हलकी जमीन नांगरावी लागते, आणि ती नांगरली गेली की वरच्या सगळ्या जमिनींचा खंड चढतो.

याच प्रकरणात ते प्रसिद्ध वाक्य आहे: खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग नाही, धान्य महाग आहे म्हणून खंड द्यावा लागतो. जमीनदारांचा युक्तिवाद रिकार्डोने एका वाक्यात उलटा केला. यातून आणखी एक गोष्ट निघते. खंड जर खर्च, मजुरी आणि नेहमीचा नफा भागवून उरलेला भाग असेल, तर तो सगळा कुणी काढून नेला तरी लागवड कमी व्हायचं कारण नाही आणि भाव वाढायचंही कारण नाही. हा निष्कर्ष वहीत वेगळा लिहून ठेवा. इंदापूरला जाताना तो लागणार आहे.

शेजारच्या पानावर रिकार्डोने न सांगता धरलेल्या गोष्टी लिहा. शेत कसणारा हा भांडवल घालणारा माणूस आहे. नफा पटला नाही तर तो पैसा दुसऱ्या धंद्यात नेईल. मजुरांना रोख मजुरी मिळते. माल बाजारात विकला जातो. जमीनमालक अनेक आहेत. इंग्लंडच्या बऱ्याच भागात तेव्हा हे खरं होतं. सिद्धांत वाचला आणि त्याची गृहीतकं लिहिली नाहीत, तर तो निम्माच वाचला असं मी मानतो.

तिसरी पायरी: विरोधकाला त्याच्या तोंडून ऐका

माल्थस म्हटलं की लोकसंख्येचा सिद्धांत आठवतो आणि बहुतेकांचा माल्थस तिथेच संपतो. पण या वादात तो धान्य आयातीवरच्या निर्बंधांच्या बाजूने उभा होता. अन्नासाठी परक्या देशावर विसंबणं युद्धाच्या काळात धोक्याचं ठरतं, हे त्याचं एक कारण. जमीनमालकांच्या उत्पन्नातून बाजारात मालाला मागणी राहते, हेही तो मांडत असे. मागणी कमी पडू शकते का यावर त्याचा आणि रिकार्डोचा वाद वर्षानुवर्षं चालला. पुढे विसाव्या शतकात केन्सने माल्थसचं कौतुक केलं ते याच मुद्द्यासाठी.

दोघांची पत्रं नक्की वाचा. पिएरो स्राफाने संपादित केलेल्या रिकार्डोच्या समग्र वाङ्मयात ती आहेत. १८११ पासून रिकार्डोच्या मृत्यूपर्यंत ती चालू राहिली. ३१ ऑगस्ट १८२३ च्या शेवटच्या पत्रात रिकार्डो लिहितो, की तुमचं मत माझ्यासारखं असतं तरी तुम्ही मला आता आवडता त्याहून अधिक आवडला नसता. पुढच्या दोन आठवड्यांत तो गेला. एवढ्या कडाक्याच्या मतभेदात इतका जिव्हाळा टिकू शकतो, हे वाचताना मन भरून येतं.

नवख्या वाचकाने इथे एक सवय लावून घ्यावी. मत कळलं की लगेच बोलणाऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. रिकार्डो शेअरबाजारात श्रीमंत झाला आणि १८१४ मध्ये त्याने ग्लॉस्टरशायरमध्ये गॅटकम पार्क ही इस्टेट घेतली. म्हणजे खंडाविरुद्ध बोलणारा स्वतः खंड घेणारा होता. माल्थसला खंडाचं काही उत्पन्न नव्हतं, आणि जमीनदारांची बाजू तो मांडत होता. माल्थसने स्वतःच ही गंमत आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. पहिल्या पायरीत आपण खिशाचा प्रश्न विचारला तो निर्णयाबद्दल होता. युक्तिवाद खरा की खोटा हे त्याने ठरत नाही.

चौथी पायरी: कल्पना कुणी वाहून नेली ते शोधा

पाठ्यपुस्तकं ही पायरी बहुधा गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. पुस्तिका लंडनमध्ये छापली गेली म्हणून दख्खनमध्ये सारा बदलत नाही. मध्ये माणसं लागतात, नोकऱ्या लागतात, शाळा लागतात.

पहिला माणूस जेम्स मिल. रिकार्डोच्या मागे लागून त्याच्याकडून तो ग्रंथ लिहवून घेणारा हाच. त्याने हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिला, तोही इथे कधी पाऊल न ठेवता आणि इथली एकही भाषा न शिकता. त्या पुस्तकाच्या बळावर १८१९ मध्ये त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी मिळाली, आणि हिंदुस्थानातल्या महसुलाबाबतच्या आज्ञापत्रांचे मसुदे त्याच्या हातून जाऊ लागले. १८३० मध्ये तो त्या विभागाच्या सर्वोच्च पदावर पोहोचला. मिलचा तर्क सरळ होता. हिंदुस्थानात सरकार हेच जमिनीचं मालक आहे असं धरलं, तर खंड सरकारचा. खंड घेतल्याने लागवड कमी होत नाही हे रिकार्डोने दाखवलंय. तेव्हा निव्वळ खंड मोजा आणि तो सारा म्हणून घ्या. कुणाचंच नुकसान होणार नाही. आपण वहीत लिहून ठेवलेला निष्कर्ष इथे सरकारी धोरण होऊन समोर येतो.

दुसरा दुवा हेलिबरीचं कॉलेज. हिंदुस्थानात येणारे कंपनीचे तरुण मुलकी अधिकारी तिथे तयार होत, आणि १८०५ पासून १८३४ मध्ये मरेपर्यंत त्यांना अर्थशास्त्र शिकवणारा प्राध्यापक होता माल्थस. धान्य कायद्यांवर रिकार्डोशी त्याचं जमलं नाही, पण खंड कसा निर्माण होतो याचा गाभा दोघांचा बराच सारखा होता.

तिसरा दुवा थोडा आडवाटेचा आहे, तरी सांगतो. त्या चार पुस्तिकाकारांतला एडवर्ड वेस्ट वकील होता. तो १८२३ मध्ये मुंबईला रेकॉर्डर, म्हणजे तिथल्या कोर्टाचा न्यायाधीश, म्हणून आला आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा पहिला मुख्य न्यायाधीश झाला. १८२८ मध्ये पदावर असतानाच तो वारला. साऱ्याच्या कथेत त्याचा हात नाही. पण खंडाच्या सिद्धांताचा एक मूळ जनक मुंबईत न्यायदान करत होता हे इथल्या फार थोड्या वाचकांना ठाऊक आहे.

पाचवी पायरी: कल्पना शेतात उतरते तिथे थांबा

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि दख्खनचा मुलूख कंपनीकडे आला. साऱ्याचे दर ठरवायचे होते. १८२० च्या दशकाच्या अखेरीस हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या हेलिबरीत शिकलेल्या अधिकाऱ्याकडे आलं. त्याची पद्धत म्हणजे रिकार्डोचं दुसरं प्रकरण गावोगाव नेणं. जमिनीची मोजणी करायची, प्रत ठरवायची, प्रत्येक प्रतीत किती पीक येतं याचा अंदाज घ्यायचा, लागवडीचा खर्च वजा करायचा. जे उरेल ते निव्वळ उत्पन्न. त्यातले ५५ टक्के सरकारचे. कागदावर हे न्याय्यच वाटतं, कारण उरलेले ४५ टक्के रयतेला सोडलेले आहेत.

आता वही उघडा आणि इंदापूरच्या एका काल्पनिक शेतासाठी तेच गणित स्वतः करायला बसा. इंदापूर हा कमी पावसाचा भाग. पीक ज्वारी-बाजरीचं. पहिला प्रश्न: पीक कुठल्या वर्षाचं धरणार? पाऊस झाला तर कणसं भरतात, नाही झाला तर पेरलेलं बीही परत येत नाही. सरासरी काढायची तर किती वर्षांची? दुसरा: खर्च किती? बैल घरचे, कडबा घरचा, नांगरणारा बाप, खुरपणारी आई आणि पाखरं हाकणारी मुलं घरचीच. त्यांची मजुरी धरायची का, आणि कोणत्या दराने? धरली नाही तर निव्वळ उत्पन्न फुगतं आणि सरकार त्या घराच्या मजुरीवरच ५५ टक्के लावतं. तिसरा: भाव कोणता? धान्य बहुतेक घरात खाल्लं जातं, विकलं जातं ते साऱ्यापुरतं, आणि तेही सुगीत, जेव्हा भाव पडलेला असतो. चौथा: ही सगळी माहिती देणार कोण? गावचा कुलकर्णी, पाटील, मोजणीचे कारकून. एकेका शेतावरच्या त्यांच्या एकेका नोंदीवर कुणाचा तरी वर्षाचा संसार ठरणार.

प्रिंगलची आकारणी याच सगळ्या ठिकाणी कोसळली. उत्पन्नाचे अंदाज चुकले, हाताखालच्या लोकांनी नोंदींत हेराफेरी केली, त्यातच धान्याचे भाव घसरत होते. इंदापुरात सारा थकत गेला, सूट द्यावी लागली, तरी जमिनी मोठ्या प्रमाणावर पडीक पडल्या आणि लोक गावं सोडून गेले. खंड काढून नेला तरी लागवड कमी होत नाही, या निष्कर्षाची परीक्षा तिथे झाली. जे काढून नेलं जात होतं ते खंड नव्हतंच. त्यात रयतेची मजुरी आणि बैलांचा चारा होता.

१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातूनच नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्न मोजण्याचा नाद त्यांनी सोडला. जमिनीची खोली आणि दोष बघून नऊ प्रती पाडल्या, पूर्वी प्रत्यक्षात किती सारा वसूल होत आला ते पाहिलं, पाऊस आणि बाजारपेठ लक्षात घेऊन गावांचे गट केले, दर उतरवले आणि ते ३० वर्षांसाठी बांधून दिले. प्रत्येक शेताला हद्द आणि क्रमांक दिला. आपण आजही सर्व्हे नंबर म्हणतो तो या पद्धतीचा वारसा आहे. पडीक जमिनी हळूहळू पुन्हा लागवडीखाली आल्या. खंडाची भाषा मात्र सरकारी कागदांत पुढेही टिकून राहिली.

या पायरीसाठी सगळ्यात उपयोगाचं पुस्तक म्हणजे १८८५ चं पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, मुंबई गॅझेटियरचा अठरावा खंड. त्याचे तीन भाग आहेत. जमीन महसुलाचा इतिहास त्यात तपशिलाने दिला आहे. तो सरकारच्या बाजूने लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवून वाचा. तरीही अपयशाची कबुली त्यात आहे, म्हणून तो मोलाचा. तुमचं मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर त्या जिल्ह्याचं गॅझेटियर काढा. स्वतःच्या तालुक्याचं नाव आणि साऱ्याचे दर दिसले की वाचनात वेगळाच जीव येतो.

सहावी पायरी: उत्तरं गोळा करा

पहिलं उत्तर इंग्लंडमधूनच आलं. रिचर्ड जोन्सने १८३१ मध्ये दाखवलं की रिकार्डोचा खंड जगातल्या फार थोड्या जमिनीला लागू पडतो. बाकी सगळीकडे शेतकरी भांडवल घालणारा नसतो. पोटासाठी जमिनीला चिकटून राहण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं, आणि तो देतो तो खंड परंपरा आणि सत्ता यांनी ठरतो. हिंदुस्थानातल्या रयतेच्या खंडाचा त्याने स्वतंत्र वर्ग केला. माल्थसच्या मृत्यूनंतर हेलिबरीत त्याच्या जागी आला तो हा जोन्सच.

दुसरं उत्तर जास्त मोठं आहे आणि ते इथलं आहे. इंदापूरची ३० वर्षांची मुदत संपल्यावर १८६६-६७ पासून फेरआकारणी झाली आणि सारा वाढवला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने चढलेले कापसाचे भाव तोवर उतरू लागले होते. शेतकरी सावकाराकडे अडकत गेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, कर्जरोखे जाळले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सारा किती जबाबदार आणि सावकारी किती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. त्या वादात उतरण्याआधी दंग्यांच्या चौकशी आयोगाचं म्हणणं एकदा वाचून घ्या. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला, आणि त्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून काम करणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. कर्जबाजारी शेतकऱ्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून जात होते.

रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. हे व्याख्यान प्रत्येक मराठी वाचकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. पूर्वार्धात ते युरोपातल्या आर्थिक विचारांचा इतिहासच सांगतात: व्यापारवादी, निसर्गवादी, स्मिथ, रिकार्डो, माल्थस, मग सिस्मोंदी, जर्मनीचा फ्रेडरिक लिस्ट, अमेरिकेचे हॅमिल्टन आणि कॅरी. ते गृहीतकांची यादी करतात, तुम्ही दुसऱ्या पायरीत केली तशीच, आणि विचारतात की अत्यंत पुढारलेल्या समाजातही जी पूर्णपणे लागू होत नाहीत ती आपल्याकडे कशी लागू होतील. इथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात बलवान आहे, स्पर्धेपेक्षा रूढी. खंडाबद्दल ते सरळ सांगतात की या देशात जमीनमालकांत स्पर्धाच नाही, कारण खरा जमीनमालक एकच, सरकार. आणि त्याचा सारा अनेकदा गरीब शेतकऱ्याच्या नफ्यात आणि मजुरीत शिरतो. इंदापूरचं गणित तुम्ही स्वतः केलं असेल तर हे वाक्य वाचताना थांबावंसं वाटेल.

त्याआधी १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला होता. त्यांचा रोख वेगळा आहे. सारा वाढवणारं सरकार त्यांच्या टीकेतून सुटत नाही, पण नोंद करणारा, दाखला देणारा, कोर्टात कागद वाचून दाखवणारा कोण आहे आणि शेतकऱ्याला विद्येपासून कुणी दूर ठेवलं, हा त्यांचा खरा प्रश्न. प्रिंगलच्या मोजणीत नोंदी कुणाच्या हातात होत्या हे आठवून फुले वाचा. रानडे सिद्धांताच्या गृहीतकांकडे बघतात, फुले दप्तर सांभाळणाऱ्या हातांकडे. दोन्ही वाचल्याशिवाय महाराष्ट्रातला हा वाद कळत नाही, आणि अर्थशास्त्राच्या इतिहासांत फुल्यांना अजूनही जागा मिळत नाही हे मला चूक वाटतं.

विसाव्या शतकातल्या दोन गोष्टी याच माळेत ओवा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर हे गाव घरोघर, शेतोशेत तपासलं आणि १९१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तो वाचून आजच्या इमारतींमध्ये ते गाव शोधून बघा. दुसऱ्याच वर्षी, १९१८ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे हेच दुखण्याचं मूळ, असं तेव्हा सगळे म्हणत होते. आंबेडकर म्हणाले, शेत लहान की मोठं हे एकरांवर ठरत नाही, त्यावर लावायला भांडवल आणि अवजारं किती आहेत यावर ठरतं. जमिनीवर पडलेला माणसांचा भार उद्योगांनी उचलल्याशिवाय शेती सुधारणार नाही. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी वाङ्मयाच्या पहिल्या खंडात हा निबंध आहे.

वाचताना काय टाळावं

सारांशावर समाधान मानू नका. रिकार्डोचं एक प्रकरण आणि रानड्यांचं एक व्याख्यान मुळातून वाचलेलं, दहा विचारवंतांच्या टिपणांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. कोणत्या वेळी कुणाला काय उपलब्ध होतं हेही तपासत जा. कौटिल्याचं अर्थशास्त्र शामशास्त्रींनी १९०९ मध्ये छापलं, त्याआधी ते आधुनिक वाचकांच्या हाती नव्हतं. १८९२ च्या रानड्यांनी कौटिल्याचा आधार का घेतला नाही, असं विचारण्यात अर्थ नाही.

शब्द अडले तर तिथेच थांबा. खंड, सारा, नफा, व्याज, मजुरी यांतला फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक लेखक तो शब्द कशासाठी वापरतो ते पेन्सिलीने नोंदवा. प्रिंगलची अर्धी चूक हे शब्द एकमेकांत मिसळल्यामुळे झाली.

पुण्यात असाल तर १९३० मध्ये सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय या विषयासाठी मोठा खजिना आहे. मुंबईकरांना एशियाटिक सोसायटी आहे. परगावी किंवा परदेशी असाल तर इंटरनेट आर्काइव्हवर रिकार्डो, माल्थस, जोन्स, रानडे सगळे सापडतात.

पुढचा धागा

खंडाचा माग संपला की मी रुपयाचा वाद घ्यायला सांगेन. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या, म्हणजे चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची सोय गेली. १९१३ मध्ये केन्सने हिंदुस्थानच्या चलनावर पुस्तक लिहून सुवर्ण विनिमय पद्धतीची (देशात चांदीचे रुपये चालू ठेवायचे आणि परदेशी व्यवहारांसाठी त्यांची किंमत सोन्याशी बांधायची) बाजू घेतली. १९२३ मध्ये आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरच्या आपल्या ग्रंथात ती पद्धत खोडून काढली. रुपयाची किंमत स्थिर ठेवायची तर रुपये पाडण्याचा सरकारचा अधिकारच बांधून टाकला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली, आणि १९२७ मध्ये रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. १ शिलिंग ४ पेन्स हवा म्हणणारे गिरणीमालक आणि व्यापारी त्यावर कमालीचे चिडले होते. आंबेडकरांचा ग्रंथ त्यांच्या वाङ्मयाच्या सहाव्या खंडात आहे. सुरुवात त्यातल्या शेवटच्या प्रकरणांपासून करा, जिथे ते केन्सशी थेट भिडतात. मग मागे येऊन चांदीच्या रुपयाचा इतिहास वाचा. आणि पहिलं पान उलटण्याआधी वहीत तेच तीन प्रश्न लिहा: कोण कुणाशी भांडतंय, काय ठरणार आहे, कुणाच्या खिशातून जाणार आहे.